न्यू जर्सीहून आयडाहोला शिफ्ट होतोय, आईचं सीबीडी ऑइल गाडीतून नेलं तर चालतं का?

पारिजात_१२:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण नीट वाचून सांगा प्लीज. आम्ही न्यू जर्सीत सात वर्षं आहोत, नवरा एच-१बी वर, ग्रीन कार्डची फाइल चालू आहे. आई व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलीये, वय ६८, दोन्ही गुडघे गेलेत, जिना उतरताना तिचा चेहरा बघवत नाही. आमच्या शेजारच्या आजीबाई फार प्रेमळ आहेत, त्यांनी आईला सीबीडी ऑइलची एक बाटली दिली आणि सोबत गमीजचा, म्हणजे चघळायच्या जेलीच्या गोळ्यांचा, एक डबा, म्हणाल्या माझे गुडघे यानंच चालतात. आई आधी घाबरली, म्हणाली अगं ही तर भांगच की, मग मी समजावलं की हेम्पचं आहे, नशा येत नाही, दुकानात उघड मिळतं. तेल दोन आठवडे घेतेय, तिला बरं वाटतंय म्हणते, रात्री झोप लागते.

आता नवऱ्याला आयडाहोतल्या बॉयसीला नवीन जॉब मिळालाय आणि पुढच्या महिन्यात आम्ही सगळं सामान ट्रकनं पाठवून स्वतः गाडीनं जाणार आहोत, आय-८० हायवे धरून सरळ, आईलाही देश बघायचाय. तर हे तेल आणि गमीज गाडीत ठेवले तर चालतील का? बाटलीवर ‘पन्नासही स्टेट्समधे लीगल’ असं छापलंय. पण एका मैत्रिणीनं सांगितलं की आयडाहोत वेगळं आहे. मी नेटवर वाचायला गेले तर प्रत्येक साइट वेगळंच सांगते आणि निम्म्या साइट्स तर तेल विकणाऱ्यांच्याच. फेडरल लीगल आहे तर स्टेट कशी नाही म्हणू शकते हेच मला कळत नाहीये. आणि हो, आई परत जाताना थोडं भारतात न्यायचं म्हणतेय, वाया कशाला घालवायचं म्हणून.

स्वप्नील_डी:
अहो ताई एवढं टेन्शन घेऊ नका, २०१८ च्या फार्म बिलनंतर (शेतीचा फेडरल कायदा) सीबीडी सगळीकडे लीगल आहे, गॅस स्टेशनवर पण मिळतं. मी स्वतः तीन वर्षं घेतोय, कितीतरी स्टेट्स फिरलो, विमानानं पण गेलो, कुणी विचारलं पण नाही. विमानतळावर तपासणी करणाऱ्या टीएसए नं २०१९ मधेच नियम बदललाय. बिनधास्त न्या.

बॉयसीवाला:
स्वप्नील, माफ कर पण हा सल्ला आयडाहोला येणाऱ्या माणसाला देऊ नकोस रे. मी इथे अकरा वर्षं राहतोय. पारिजात ताई, तुमच्या मैत्रिणीचं बरोबर आहे.

फार्म बिलनं काय केलं ते आधी समजून घ्या म्हणजे गोंधळ कमी होईल. २० डिसेंबर २०१८ ला त्याच्यावर सही झाली. झाड एकच, कॅनाबिस, पण ज्या झाडात डेल्टा-९ टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, सुक्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही त्याला कायद्यानं हेम्प म्हटलं आणि फेडरल ड्रग्जच्या यादीतून काढलं, त्याच्यावर गेलं की ते मॅरुआना, म्हणजे गांजा. एवढंच. फेडरल सरकारनं आपला हात काढून घेतला, पण स्टेटनं आपल्या हद्दीत विकायला वा जवळ ठेवायला परवानगी द्यायलाच हवी असं त्यात कुठेही नाही. स्टेटला आणखी कडक कायदा करायची मोकळीक ठेवलीये. म्हणून ‘पन्नासही स्टेट्समधे लीगल’ हे जे छापतात ते अर्धवट आहे, फेडरल कायद्याबद्दल म्हणायचं असतं पण वाचणाऱ्याला वाटतं कुठेही चालतं.

आयडाहोत नियम असा की तेलात टीएचसी असताच कामा नये. ०.३ नाही, ०.१ नाही, शून्य. आणि शिवाय ते झाडाच्या ठराविक भागांपासूनच काढलेलं पाहिजे, म्हणजे वाळलेले देठ, बियांचं तेल असं. हेम्प पिकवायला परवानगी देणारी देशातली शेवटची स्टेट ही, २०२१ मधे दिली, आणि ती सुद्धा शेतकरी आणि प्रोसेस करणाऱ्यांसाठी, तुम्हीआम्ही दुकानातून ०.३ वालं घेऊन यावं म्हणून नाही. त्याच्या आधी २०१५ मधे फिट्स येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी खूप धडपड करून सीबीडी तेलाचं बिल विधिमंडळात पास करून घेतलं होतं, गव्हर्नरनी व्हेटो केलं. तेव्हाच्या त्या आयांची तोंडं टीव्हीवर बघितलेली मला अजून आठवतात. सांगायचं कारण एवढंच की इथे या विषयाकडे कुणी हलकं घेत नाही.

इथे बॉयसीत दुकानांत सीबीडी मिळतं, पण ते आयसोलेट (नुसतं सीबीडी) किंवा टीएचसी काढून टाकलेलं. तुमची बाटली फुल स्पेक्ट्रम, म्हणजे थोडं टीएचसी धरून झाडातलं सगळं असलेली, आहे का बघा. लेबलवर लिहिलेलं असतं.

पारिजात_१२:
हो, फुल स्पेक्ट्रमच लिहिलंय. ३० एमएल, १५०० मिलीग्रॅम सीबीडी. आणि गमीजच्या डब्यावर मोठ्या अक्षरात १:१ लिहिलंय, आणि पिवळा त्रिकोण आहे. याचा अर्थ काय? आईनं गमीज अजून उघडलेल्या नाहीत.

आरएक्स_अनघा:
पारिजात, बरं झालं विचारलंस. मी फार्मसिस्ट आहे ओहायोत, तुला शांतपणे सांगते, घाबरू नकोस पण तो गमीजचा डबा आजच्या आज आईच्या खोलीतून काढ.

१:१ म्हणजे जेवढं सीबीडी तेवढंच टीएचसी. हे हेम्पचं प्रॉडक्ट नाहीच, हे डिस्पेन्सरीतलं, म्हणजे गांजाच्या परवाना असलेल्या दुकानातलं आहे. न्यू जर्सीत २१ वर्षांवरच्या माणसाला ते एप्रिल २०२२ पासून कायदेशीर विकत घेता येतं म्हणून शेजारणीला त्यात काही वावगं वाटलं नसणार, तिच्या दृष्टीनं तीही सीबीडीच. एका गमीत ५ मिलीग्रॅम टीएचसी धरलं तर २० गमीजच्या डब्यात १०० मिलीग्रॅम झालं. कधीही न घेतलेल्या ६८ वर्षांच्या बाईनं एक गमी खाल्ली, अर्धा तास काही झालं नाही म्हणून दुसरी खाल्ली तर दीड-दोन तासांनी चक्कर, धडधड, घबराट, पडणं, हे सगळं होऊ शकतं, खाल्लेलं टीएचसी उशिरा चढतं आणि बराच वेळ टिकतं. पडण्याची तर मला सगळ्यात भीती वाटते या वयात.

आणि कायद्याच्या बाजूनं बघ, हा डबा न्यू जर्सीची हद्द ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेला त्या क्षणाला फेडरल गुन्हा. पुढे इलिनॉयमधे २०२० पासून गांजा लीगल आहे, आमच्या ओहायोत २०२३ च्या मतदानानंतर, तरी फरक पडत नाही, लीगल स्टेटमधून लीगल स्टेटमधे सुद्धा नेता येत नाही. प्रत्येक स्टेटचा गांजा त्या स्टेटच्या कुंपणातच. हे खूप लोकांना माहितीच नसतं.

आता मला औषधांचं विचारायचंय. आई दुसरं काय काय घेते? नावं सांग, भारतातली असली तरी चालतील.

पारिजात_१२:
बापरे. डबा काढला, कपाटात वर ठेवलाय. आई बीपीची गोळी घेते, थायरॉइडची, आणि रक्त पातळ व्हायची, तिच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालंय. गोळीचं नाव ॲसिट्रॉम. तेल घेतेय तर याचा काही संबंध आहे का? शेजारच्या आजी म्हणाल्या नॅचरल आहे.

आरएक्स_अनघा:
संबंध आहे, आणि खरं सांगू का, कायद्यापेक्षा मला आता याचीच जास्त काळजी वाटतेय.

ॲसिट्रॉम म्हणजे ॲसेनोकुमारॉल, इथे रक्त पातळ करायला देतात त्या वॉरफरिनचा भाऊच. अमेरिकेत हे औषध विकलंच जात नाही त्यामुळे इथल्या डॉक्टरला नुसतं नाव सांगितलंस तर ओळखणार नाही, वॉरफरिनसारखं असं सांग. सीबीडी लिव्हरमधल्या त्याच एन्झाइम्सना अडवतं ज्यांच्यामुळे ही औषधं शरीरातून बाहेर जातात, ग्रेपफ्रूटचं जसं काही गोळ्यांबरोबर चालत नाही तसंच काहीसं. मग गोळी तेवढीच घेतली तरी रक्तात जास्त साठते, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा टेस्टचा आकडा) वर जातो, आणि रक्तस्रावाचा धोका. वॉरफरिनच्या बाबतीत असे पेशंट नोंदवले गेलेत. नॅचरल आहे म्हणून निरुपद्रवी असं नसतं ग, धोतराही नॅचरलच.

तर उद्याच आयएनआर चेक करून घे. अर्जंट केअरमधे होतो, विमा नसला तरी विचार, टेस्ट फार महाग नसते. तेल थांबवायचं का, कसं थांबवायचं, गोळीचा डोस बदलायचा का हे डॉक्टरला ठरवू दे, तू परस्पर गोळी कमीजास्त करू नकोस. हिरड्यातून रक्त, काळी शौच, कारण नसताना काळेनिळे डाग, जोराची डोकेदुखी, यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही, सरळ इमर्जन्सी.

एफडीएनं (औषधं मान्य करणारं फेडरल खातं) सीबीडीचं एकच प्रिस्क्रिप्शन औषध मान्य केलंय, एपिडायोलेक्स, जून २०१८ मधे, तेही लहानपणापासून येणाऱ्या अवघड फिट्सच्या आजारांसाठी. त्याच्याच चाचण्यांमधे लिव्हरचे एन्झाइम वाढलेले दिसले. गुडघेदुखीसाठी कुठलंही सीबीडी एफडीएनं मान्य केलेलं नाही. आणि दुकानात जे तेल, गमीज, चहा मिळतो त्याबद्दल एफडीएचं म्हणणं असं की सीबीडी हे सप्लिमेंट म्हणून विकता येत नाही, खाण्यात घालता येत नाही. जानेवारी २०२३ मधे त्यांनीच सांगितलं की आमच्याकडचे सध्याचे नियम याला पुरत नाहीत, काँग्रेसनं नवीन चौकट द्यावी. म्हणजे कपाटं भरभरून विकलं जातंय पण ते तपासणारं असं कुणी नाही. हे मला फार खटकतं, काउंटरवर रोज कुणाची ना कुणाची आई हे विचारत असते.

जुईली:
कॅलिफोर्नियाचं सांगते कारण सगळ्यांना वाटतं इथे काहीही चालतं. सप्टेंबर २०२४ पासून इथे हेम्पच्या खाण्यापिण्याच्या वस्तूत आणि सप्लिमेंटमधे टीएचसी मशीनला दिसलं जरी तरी विकायला बंदी, आणि २१ च्या खाली अजिबात नाही. तेच टीएचसी डिस्पेन्सरीत मात्र मिळतं. म्हणजे फुल स्पेक्ट्रम हेम्प तेल साध्या दुकानातून गायब. माझ्या नेहमीच्या दुकानदाराला सुद्धा सुरुवातीला कळेना काय शेल्फवर ठेवायचं.

बॉयसीवाला:
पारिजात ताई, आईंचं आयएनआर आधी, बाकी सगळं नंतर. पण रस्त्याबद्दल विचारलंय म्हणून एक हिशोब करून दाखवतो, मला तरी हा केल्यावरच डोक्यात शिरलं होतं. बाटलीवर क्यूआर कोड असेल तो स्कॅन करा, बॅचचा लॅब रिपोर्ट उघडेल, त्याला सीओए म्हणतात. त्यातला टोटल टीएचसीचा आकडा सांगा, मिलीग्रॅम पर एमएल. आणि बॅच नंबर बाटलीवरच्या नंबरशी जुळतो का तेही बघा, कधीकधी एकच जुना रिपोर्ट सगळ्या बाटल्यांना लावून ठेवतात.

पारिजात_१२:
बॅच जुळतोय. टोटल टीएचसी १.९ मिलीग्रॅम पर एमएल. आणि बाजूला ०.२० टक्के असं लिहिलंय.

बॉयसीवाला:
म्हणजे ०.३ च्या आत. फार्म बिलप्रमाणे चालतं. आता ३० एमएलनं गुणा, बाटलीत एकूण ५७ मिलीग्रॅम टीएचसी. टक्केवारी छोटी दिसते पण तेलाचं वजन जास्त असल्यामुळे ऐवज बराच होतो.

आता आय-८० वर निघा. इंडियानात २०१८ पासून ०.३ च्या आतलं सीबीडी चालतं, पण तिथल्या कायद्यात पॅकवर क्यूआर कोड आणि त्यातून लॅब रिपोर्ट उघडलाच पाहिजे असं आहे, तुमचं त्यात बसतं. आयोवात जुलै २०२४ पासून एका डोसला ४ मिलीग्रॅम आणि एका पॅकला १० मिलीग्रॅम टीएचसी एवढीच मर्यादा, तुमची बाटली ५७ ची, तिथल्या दुकानात ती विकताच येणार नाही. युटात सीबीडीचं प्रॉडक्ट स्टेटच्या ॲग्रिकल्चर खात्याकडे रजिस्टर असावं लागतं. रस्त्यात नाही पण व्हर्जिनियाचं उदाहरण मजेशीर आहे, तिथे २०२३ पासून पॅकमधे २ मिलीग्रॅम टीएचसी किंवा मग टीएचसीच्या निदान २५ पट सीबीडी हवं, तुमचं १५०० भागिले ५७ म्हणजे साधारण २६ पट, काठावर पास. आणि आयडाहोत नापास, तिथे ५७ काय आणि १ काय. बाटली तीच, लेबल तेच.

अजून एक. फार्म बिलमधे एक कलम आहे की नियमानुसार पिकवलेलं हेम्प एखाद्या स्टेटमधून पुढे जात असेल तर ती स्टेट अडवू शकत नाही. लोक त्यावर फार विसंबतात. जानेवारी २०१९ मधे ओरेगनहून कोलोरॅडोला चाललेला हेम्पचा ट्रक इथे आयडाहोत पकडला, जवळजवळ ३ टन माल, ड्रायव्हरला अटक झाली, कोर्टकचेरी झाली. तो तर नुसता जात होता, तुम्ही तर इथे राहायलाच येताय, तुम्हाला ते कलम लागूच नाही. इथून तासाभरावर ओरेगनमधलं ऑन्टारियो गाव आहे, तिथल्या डिस्पेन्सऱ्यांबाहेर आयडाहोच्या नंबरप्लेटच्या गाड्यांची रांग असते आणि पोलिसांनाही ती माहितीये. जुलै २०२५ पासून इथे थोडा गांजा सापडला तरी किमान ३०० डॉलर दंड, जज कमी करू शकत नाही. पैशाचं सोडा, रेकॉर्डवर येतं ते वाईट.

स्वप्नील_डी:
ओके, आयडाहोचं मला खरंच माहीत नव्हतं, चूक झाली. पण म्हाताऱ्या बाईंना पर्समधे तेल आहे म्हणून कोण अटक करणार?

जुईली:
झालीये ना. एप्रिल २०१९, डिस्ने वर्ल्डच्या गेटवर बॅग तपासताना एका ६९ वर्षांच्या आजींच्या पर्समधे सीबीडी तेल सापडलं, संधिवातासाठी घेत होत्या, डॉक्टरांची चिठ्ठी पण होती. अटक केली. फार्म बिल होऊन चार महिने झाले होते, पण फ्लोरिडाचा स्वतःचा हेम्प कायदा अजून लागू व्हायचा होता, तो जुलैत झाला. नंतर केस मागे घेतली, पण नातवंडांसमोर बेड्या पडायच्या त्या पडल्याच.

कारण रस्त्यावरच्या पोलिसाकडची टेस्ट किट एवढंच सांगते की कॅनाबिसमधलं काहीतरी आहे, ०.२ आहे की २० आहे ते लॅब सांगते, आणि लॅबचा रिपोर्ट यायला दिवस लागतात.

मिलिंद_एनजे:
मी वकील नाही, पण आमच्या सिटिझनशिपच्या वेळी वकिलांनी आम्हा दोघांना समोर बसवून जे बजावलं ते इथे लिहितो कारण इथले निम्मे वाचक व्हिसावर आहेत.

स्टेटमधे गांजा लीगल असला तरी इमिग्रेशन फेडरल आहे, आणि फेडरल कायद्यात गांजा अजून नियंत्रित ड्रगच आहे. एप्रिल २०१९ मधे यूएससीआयएसनं, म्हणजे इमिग्रेशन खात्यानं, स्पष्टच काढलं की स्टेटमधे लीगल असताना घेतला किंवा त्या धंद्यात काम केलं तरी सिटिझनशिपसाठी लागणारं चांगलं चारित्र्य त्यामुळे नाकारलं जाऊ शकतं. आणि त्यासाठी शिक्षा झालेलीच असावी लागते असं नाही, अधिकाऱ्यापुढे स्वतः कबूल केलं तरी पुरतं. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममधे ड्रग्जच्या कायद्याबद्दल प्रश्न आहेच, ग्रीन कार्डच्या फॉर्ममधे पण आहे. त्यामुळे शेजारणीच्या गमीज ही तुमच्यासाठी साधी गोष्ट नाही, तिच्यासाठी असेल. ती सिटिझन आहे, तिला कुणी देशाबाहेर काढणार नाही.

हेम्पचं खरंखुरं ०.३ च्या आतलं सीबीडी फेडरल कायद्यात लीगल आहे म्हणून ते घेतलं तर गुन्हा नाही हे बरोबर. पण आयडाहोत ते स्टेटच्या कायद्यानं मॅरुआना धरलं गेलं आणि काही चार्ज लागला तर प्लीज कोर्टात ‘चला दंड भरून मोकळे होऊ’ म्हणून गिल्टी म्हणू नका, इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय अजिबात नाही. आपल्या लोकांची ही चूक फार होते, ट्रॅफिक तिकिटासारखं समजतात.

आणि दोन-तीन गोष्टी प्रवासाच्या. आईंना नायगारा दाखवायला कॅनडाच्या बाजूला न्यायचा विचार असेल तर सीबीडी घेऊन बॉर्डर ओलांडायची नाही, कॅनडात गांजा लीगल आहे तरी सुद्धा, जातानाही नाही आणि येतानाही नाही. भारतात न्यायचं तर नावच काढू नका, तिथला ड्रग्जविरोधी एनडीपीएस कायदा १९८५ चा आहे, विमानतळावर कस्टम्सवाल्याला तुम्ही हेम्प आणि गांजातला फरक समजावत बसणार का? आणि आईंचं विमान दुबईवरून असेल तर तिथे सीबीडीला परवानगी नाही, ट्रान्झिटला सुद्धा बॅग तपासली जाते. हाँगकाँगनं तर १ फेब्रुवारी २०२३ पासून सीबीडी हेरॉइनसारख्या ड्रग्जच्या यादीतच टाकलंय, जवळ सापडलं तर सात वर्षांपर्यंत कैद. टीएसएचं स्वप्नील म्हणाला ते देशातल्या विमानापुरतं, आणि तिथेही उतरल्यावर स्टेटचा कायदा असतोच.

ट्रकवाला_समीर:
मी सीडीएल (व्यावसायिक लायसन्सवाला ट्रक) ड्रायव्हर आहे, फक्त जॉबबद्दल बोलतो. पारिजात ताईंच्या मिस्टरांनी नवीन जॉबच्या ड्रग टेस्टच्या आधी घरातलं ते तेल झोपेसाठी म्हणून सुद्धा तोंडात घालू नये. लघवीच्या टेस्टमधे सीबीडी शोधत नाहीत, टीएचसीचे अवशेष शोधतात, आणि फुल स्पेक्ट्रम रोज घेतलं की ते साठत जातात. आम्हाला डीओटीनं, म्हणजे फेडरल वाहतूक खात्यानं, फेब्रुवारी २०२० मधे स्पष्ट नोटीस काढून सांगितलंय की टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ‘मी सीबीडी घेतलं होतं’ हे कारण चालणार नाही. लायसन्स गेलंच समजा.

आणि टीएचसी शून्य असं छापलं म्हणून विश्वास ठेवू नका. एका ड्रायव्हरनं तसंच छापलेलं घेतलं, टेस्टमधे अडकला, नोकरी गेली, त्यानं कंपनीवर केस केली ती थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, एप्रिल २०२५ मधे कोर्टानं ५ विरुद्ध ४ नं सांगितलं की त्याला रिको (संघटित फसवणूक-गुन्हेगारीविरुद्धचा) कायद्याखाली नुकसानभरपाई मागता येते. पण बघा, नोकरी गेली २०१२ ला आणि नुसता दावा करायचा हक्क मिळाला २०२५ ला. तेरा वर्षं.

आरएक्स_अनघा:
समीरदादा बरोबर सांगताहेत. जामा जर्नलमधे २०१७ ला एक तपासणी आली होती, ऑनलाइन विकत घेतलेली ८४ सीबीडी प्रॉडक्ट्स लॅबमधे तपासली, लेबलप्रमाणे सीबीडी निघालं फक्त ३१ टक्के बाटल्यांत, बाकीच्यात कमी नाहीतर जास्त, आणि ८४ पैकी १८ मधे टीएचसी सापडलं. रिपोर्टवर ‘एनडी’ लिहिलेलं असतं, म्हणजे सापडलं नाही, पण मशीन कितीपर्यंत शोधू शकतं ती मर्यादा शेजारी दिलेली असते, ती बघायची. जाडंभरडं मशीन असेल तर थोडंसं टीएचसी दिसतच नाही, आणि आयडाहोसारख्या ठिकाणी तेच थोडंसं महागात पडतं.

बॉयसीवाला:
आणि ही सगळी गणितं लवकरच बदलणार आहेत हेही लक्षात ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी हा धागा वाचून जुनंच धरून बसेल. १२ नोव्हेंबर २०२५ ला जे सरकार पुन्हा सुरू करायचं बिल सही झालं त्यात हेम्पची व्याख्याच बदललीये, एक वर्षानं लागू होणार असं त्यात आहे. आता फक्त डेल्टा-९ नाही तर टीएचसीए वगैरे धरून टोटल टीएचसी मोजायचं, आणि ग्राहकाला विकायच्या एका डब्यात जास्तीत जास्त ०.४ मिलीग्रॅम. ताईंच्या बाटलीत ५७ आहे. म्हणजे बाजारातली बहुतेक फुल स्पेक्ट्रम तेलं फेडरल पातळीवरच हेम्प राहणार नाहीत. काँग्रेसमधे तारीख पुढे ढकलायची खटपट चालू आहे त्यामुळे घेताना त्या दिवशीचं बघा. टेक्सासमधे पण २०२५ ला विधिमंडळानं जवळजवळ पूर्ण बंदीचं बिल पास केलं, गव्हर्नरनी २२ जूनला शेवटच्या क्षणी व्हेटो केलं. दर सेशनला कुठे ना कुठे हे चालूच आहे, म्हणून कुठलाही ब्लॉग वाचताना आधी वरची तारीख बघायची, आणि शक्यतो त्या स्टेटच्या ॲग्रिकल्चर किंवा हेल्थ खात्याच्या पानावर जायचं.

पारिजात_१२:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल आईचा आयएनआर केला, ४.८ आला, म्हणजे फार वर. डॉक्टरांनी तेल ताबडतोब बंद करायला सांगितलं, एक गोळी चुकवायला सांगितली आणि परवा परत टेस्ट. त्यांनी विचारलं की हे कुणी सांगितलं तुम्हाला, तर मी म्हटलं आमच्या मंडळींनी. अनघाताई, तुम्ही औषधांचं विचारलं नसतं तर मी फक्त गाडीत कुठे ठेवायचं एवढंच बघत बसले असते हो. घरी येऊन रडले.

गमीज शेजारच्या आजींना परत दिल्या, त्यांना वाईट वाटलं, त्यांना खरंच माहीत नव्हतं की रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर चालत नाही, त्या स्वतः पण तसलीच काहीतरी गोळी घेतात, आता त्या पण डॉक्टरला विचारणार आहेत. तेलाची बाटलीही इथेच सोडणार. नवऱ्याला ड्रग टेस्टचं सांगितलं, त्यानं एकदा झोप लागत नव्हती म्हणून चार थेंब घेतले होते मागच्या आठवड्यात, टेस्ट तीन आठवड्यांनी आहे. समीरदादा, चालेल ना?

आई म्हणते गुडघ्याचं आता काय करायचं. अनघाताई, लावायचं जेल चालतं का, डायक्लोफिनॅक?

ट्रकवाला_समीर:
एकदाच चार थेंब घेतले असतील तर तीन आठवडे भरपूर झाले, पण आता अजिबात नको.

आरएक्स_अनघा:
४.८! बरं झालं ग वेळेत कळलं. डायक्लोफिनॅक जेल दुकानात प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतं पण तेही थोडं रक्तात जातंच, त्यामुळे आयएनआर खाली येईपर्यंत नको, आणि नंतरही डॉक्टरला विचारूनच. कॅप्सेसिनचं क्रीम असतं मिरचीचं, त्याचा गोळीशी तसा संबंध नाही, सुरुवातीला आग होते, लावल्यावर हात नीट धुवायचे, डोळ्याला लावायचे नाहीत. आणि एक फिजिओथेरपिस्ट बघ, मांडीच्या पुढच्या स्नायूला ताकद आली की गुडघ्यावरचा भार कमी होतो. एवढा लांब प्रवास आहे तर दर दोन तासांनी गाडी थांबवून आईंना चालव, त्यांच्या पायांसाठी. आणि गोळ्या मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनच्या कागदासकट, सामानाच्या ट्रकमधे नाही, हातातल्या पर्समधे.

बॉयसीवाला:
ताई, इथे पोचलात की कळवा. आईंचा आयएनआर कुठे नियमित करून मिळेल त्या क्लिनिकचं मी विचारून ठेवतो, आमचे सासरे पण रक्त पातळ करायची तसलीच गोळी घेतात.